तळे कोणी खोदले? गावाचा दुर्लक्षित इतिहास लिहून काढण्याचा उपक्रम कसा उभारावा

आमचे गाव घोड नदीच्या खोऱ्यात आहे. गावाचा इतिहास लिहून काढावा, ही इच्छा ग्रामसभेत पहिल्यांदा बोलून दाखवली गेली तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट होती : शिवछत्रपतींचा मुक्काम गावात झाल्याचा पुरावा मिळाला की वेशीवर कमान उभारता येईल. तसा पुरावा मिळाला नाही. मात्र तो शोधताना एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. ज्या पाझर तलावामुळे गावाच्या विहिरींना आजही पाणी आहे, तो तलाव बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खोदला त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे लिहिलेले नव्हते. त्यांतली काही माणसे अजून हयात होती आणि रोज पारावर बसत होती. पुढचे मार्गदर्शन त्या दोन वर्षांच्या अनुभवावर आधारलेले आहे आणि ज्यांच्या गावात, वाडीवर किंवा चाळीत असे काही सुरू करण्याचा विचार चालू असेल त्यांच्यासाठी आहे.

आधी प्रश्न ठरवा

‘गावाचा इतिहास’ हा विषय इतका मोठा आहे की त्यावर काम सुरू होते, पण संपत नाही. सातवाहनांपासून आजच्या सरपंचांपर्यंत सगळे लिहायचे ठरले की पहिल्या तीन महिन्यांत चार पुस्तकांतून उतारे काढले जातात, त्यांत गावाचे नाव जेमतेम दोनदा येते आणि मंडळी पांगतात. म्हणून एकच प्रश्न घ्यावा, तो एका वाक्यात मांडता यावा आणि त्याचे उत्तर गावाच्या शिवारातच मिळण्यासारखे असावे. तळे कोणी खोदले? नदीकाठच्या वीरगळी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, कोणत्या लढाईच्या? शाळेत पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून माळावर राहायला गेले, ती जागा कोणती? धरणात गेलेल्या जुन्या गावठाणात कोणाचे घर कोठे होते?

प्रश्न निवडताना एक कसोटी लावावी : हे सांगू शकणारी माणसे पुढच्या पाच वर्षांत राहतील का? कागद आणि दगड थोडी वाट पाहतात. पंच्याऐंशी वर्षांच्या आजी वाट पाहू शकत नाहीत. आम्ही वीरगळी सोडून तळे आधी घेतले ते याच कारणाने, आणि तरीही तळ्याच्या कामावरचे एक मुकादम आम्ही भेटायला जाण्याच्या पंधरा दिवस आधी वारले.

माणसे कोण असावीत

सुरुवातीला पाच-सहा जण पुरतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार अशी कार्यकारिणी स्थापन करण्याची घाई करू नये. पदे आली की कामापेक्षा पत्रिकेवरच्या नावांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. या पाच-सहा जणांत एक शिक्षक किंवा ग्रंथपाल, एक शेतकरी ज्याला शिवारातले प्रत्येक बांध-कोपरे ठाऊक आहेत, फोटो व फाइली नीट सांभाळणारा एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी, आणि निदान दोन स्त्रिया असाव्यात. स्त्रियांचा आग्रह शोभेसाठी नाही. घरात शिरून चुलीपाशी बसून बोलणे पुरुष कार्यकर्त्याला जमत नाही, आणि गावातली निम्मी आठवण तिथेच असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गट एका आळीचा असू नये. पाटीलवाड्यातल्या कागदांवरून लिहिलेला इतिहास पाटलांचा होतो, आणि बौद्धवाडी, रामोशी आळी, धनगर वस्ती, मुसलमान मोहल्ला यांच्याबद्दल त्यात दोन ओळी येतात, त्याही ‘गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात’ अशा. प्रत्येक वस्तीतले एक माणूस गटात असेल तर हे वाक्य लिहिण्याआधी कोणीतरी टोकते. आमच्याकडे ते टोकले गेले आणि त्यावरून एका बैठकीत आवाजही चढले. पण नंतरचे काम खरे झाले ते त्या बैठकीमुळे.

ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा. पैशांसाठी हा ठराव लागत नाही, कारण पहिल्या वर्षी वही, पट्टी, मोजटेप आणि झेरॉक्स यांपलीकडे फारसा खर्च नसतो. तलाठी कार्यालयात किंवा शाळेत जाताना हातात ठरावाची प्रत असली, तर ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळते, एवढाच त्याचा उपयोग. पण तो मोठा आहे.

शिवारफेरी आणि नोंदवही

घरात बसून वाचन सुरू करण्याआधी एकदा गाव पायी फिरावे. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्यावी, तिच्या झेरॉक्सवर फेरी मारता मारता खुणा कराव्यात आणि सोबत एखादा म्हातारा गुराखी असावा. प्रत्येक शेताला गट नंबराशिवाय एक तोंडी नाव असते, आणि सातबाऱ्यावरही ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे, जो बहुधा कोणी वाचत नाही. महारकी, गुरवकी, जोशीकी, मुलाणकी, कुंभारखाण, घोडेबाव या नावांत वतने, उद्योग आणि पाणवठे दडलेले असतात. ‘पांढरी’ हे नाव ऐकू आले तर तिथे थांबावे. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षांची राख, शेण आणि पडक्या भिंती मिसळून तिथली माती पांढुरकी झालेली असते. आमच्याच नदीकाठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला अशाच टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. पांढरीवर खापराचे तुकडे दिसले तर फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि तुकडा तिथेच ठेवावा. खोदू तर मुळीच नये. खत म्हणून ही माती ट्रॅक्टरने वाहून नेण्याची चाल अनेक गावांत आहे. ती थांबवण्यासाठी ग्रामपंचायतीशी बोलणे हे उपक्रमाचे पहिले उपयोगी काम ठरू शकते.

फेरीत दगड भेटतात. मारुतीच्या देवळापाशी, ओढ्याच्या काठी, कधी पायरीत बसवलेला, कधी कपडे धुण्यासाठी पालथा घातलेला. वीरगळ ओळखणे अवघड नाही. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते. तिथे गायी दिसल्या तर गोधन राखताना आलेले मरण समजावे. वरच्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. सतीशिळेवर कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. गाढव आणि स्त्री कोरलेला दगड म्हणजे गद्धेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. त्यावर लेख असण्याची शक्यता असते, म्हणून तो विशेष जपावा.

दगडाची नोंद कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वाधिक चुका होतात. आम्ही पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात एक वीरगळ तारेच्या ब्रशने घासली, आणि शेंदराबरोबर खालच्या चौकटीतल्या घोड्याचा कानही गेला. दगडाला हात लावायचा तो फक्त साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने, तोही पूजेतला असेल तर पुजाऱ्याला विचारून. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल, पीठ किंवा रंग लावू नये. त्यासाठी प्रकाश पुरतो : सकाळी सातच्या सुमारास किंवा मावळतीला ऊन तिरपे पडते तेव्हा फोटो घ्यावा, नाहीतर अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ चिकटवून धरावी. दुपारी काहीही न दिसलेल्या दगडावर या तिरप्या प्रकाशात ओळीच्या ओळी उभ्या राहतात. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर कोरीवकाम सपाट दिसते. शेजारी मोजपट्टी उभी करून एक फोटो समोरून, दोन बाजूंनी आणि एक दुरून, म्हणजे दगड कोणत्या झाडाखाली आहे ते कळेल, असे चार फोटो घ्यावेत. उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, गावकरी त्याला काय म्हणतात (वेताळ, म्हसोबा, नुसतेच ‘देव’), आणि ही माहिती कोणी कोणत्या तारखेला दिली, एवढे जाग्यावरच लिहावे. घरी जाऊन लिहू म्हटलेले लिहिले जात नाही.

या सगळ्यासाठी एकच जाड वही असावी आणि प्रत्येक नोंदीला चालू क्रमांक असावा, मग ती नोंद दगडाची असो, कागदाची असो की मुलाखतीची. तोच क्रमांक फोटोच्या फाइलला द्यावा. हे कारकुनी काम कंटाळवाणे वाटते, परंतु दोन वर्षांनी ‘हे कोणी सांगितले होते?’ असा प्रश्न येतो तेव्हा उत्तर देते ती ही वही.

कागद कोठे असतात

गावाचे कागद एका जागी नसतात. तलाठी आणि तहसील कार्यालयात जुने फेरफार, हक्कनोंदणी आणि दुमाला जमिनींची नोंदवही, म्हणजे गाव नमुना तीन, असते. देवस्थानाला, मशिदीला किंवा वतनदाराला कोणती जमीन इनाम होती ते त्यात सापडते. भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, आकारफोड आणि गुणाकार बुके, म्हणजे जमिनीच्या मोजणीची व आकारणीची जुनी बुके, असतात. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही पाहता येतात. जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकाकडे लोक आज दाखल्यासाठीच पाहतात, पण त्याचा खरा उपयोग पुढे आहे. १९१८ चे कोतवाल बुक मिळाले तर महिन्याच्या महिन्याला मृत्यू मोजून पाहावेत. सप्टेंबरनंतर आकडा एकाएकी वर चढतो ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आणि कारणाच्या रकान्यात मात्र ‘ताप’ एवढाच शब्द असतो. घराघरांतली माणसे त्या एका शब्दाखाली गेलेली दिसतात.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाल्यापासून या दप्तरांना महत्त्व आले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि त्याचबरोबर कार्यालयांतली माणसे थकली व थोडी सावधही झाली. त्यामुळे जाताना ‘सगळे जुने दप्तर दाखवा’ असे म्हणू नये. कोणत्या वर्षांचा, कोणता नमुना हवा ते लिहून अर्ज करावा, रीतसर नक्कल शुल्क भरावे, पोच घ्यावी आणि लागेल तितक्यांदा जावे.

प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित चीज आहे. कोण कोणत्या वर्षी दाखल झाले, बापाचा धंदा काय, शाळा कधी आणि का सोडली, हे सगळे त्यात असते. ‘घरकामासाठी’ हे कारण कोणाच्या नावापुढे वारंवार येते ते मोजले तरी एक प्रकरण लिहून होईल. जन्मतारखांवर मात्र विसंबू नये. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली असते. रजिस्टराशेजारी तपासनिसांचे शेरेबुक असेल तर तेही पाहावे.

गावाबाहेरच्या साधनांत जुने गॅझेटियर आधी चाळावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ चा आहे आणि त्याचे तीन भाग आहेत. त्यात गावाचा उल्लेख तीनच ओळींचा असला, तरी आठवडी बाजार कोणत्या वारी भरत होता हे कळले तरी पुरे. जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार लोकसंख्या मिळते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथेही पुराभिलेख कार्यालये आहेत. मराठवाड्यातल्या गावांनी उर्दू वाचणारे माणूस सुरुवातीपासूनच सोबत घ्यावे, कारण निजामी राजवटीतली नोंद मोडीबरोबर त्या भाषेतही असते. पुराभिलेखागारात जाण्याआधी गावाचा परगणा व तर्फ, म्हणजे जुन्या राजवटीतले महसुली विभाग, ठाऊक असणे आवश्यक आहे. आजचा तालुका सांगून जुना रुमाल सापडत नाही.

राहिले घरातले कागद. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, माळ्यांवरची आणि कोनाड्यांतली दप्तरे धुंडाळत होते. १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तो या पायपिटीतून. सव्वाशे वर्षांनंतरही अडचण तीच आहे : लोक कागद दाखवत नाहीत, आणि त्यामागे बहुधा भाऊबंदकीचा दावा असतो. म्हणून आधीच सांगावे की कागद घराबाहेर जाणार नाही, मालकाच्या देखत ओसरीवर फोटो घेतला जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय तो कोणालाही पाठवला जाणार नाही. जमिनीचा वाद चालू असेल तर तो कागद सोडून द्यावा. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये; घड्या हळूच उलगडून, कोरड्या हातांनी, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा आणि पाठची बाजू विसरू नये.

मोडी गटातल्या एकाने तरी शिकावी. रोज तासभर बसल्यास अक्षरओळख काही आठवड्यांत होते, आणि हात बदलला की पुन्हा पहिल्यापासून अडते, हेही खरे. त्यापेक्षा जास्त घोटाळा कालगणनेत होतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीत इंग्रजी वर्ष बदललेले असल्यास ७९ मिळवावे लागतात. जुन्या पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले तर घाबरू नये. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००, म्हणजे शुहूर सन ११६१; जुन्या मराठी कागदांत साल असे अरबी शब्दांत लिहीत. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावेत. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येते, आणि पानिपतची लढाई याच सालात, शके १६८२ च्या पौषात झाली. फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९०-५९१ मिळवावेत. हा हिशेब एका पुठ्ठ्यावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला डकवून ठेवावा.

आठवणी ऐकताना

तळ्याच्या कामाबद्दल आम्ही पहिली मुलाखत घेतली ती एका आजींची. प्रश्न तयार होते. ‘आजी, बहात्तरचा दुष्काळ कसा होता?’ असे विचारले, आणि उत्तर आले, ‘लई वाईट.’ त्यानंतर शांतता. जवळ बसलेले आजोबा म्हणाले, ‘तिला काय म्हाईत, मी सांगतो की.’ त्यांनी सांगितले तेही वर्तमानपत्रात वाचल्यासारखे. दुसऱ्या वेळी आमच्या गटातली एक काकू एकटीच गेली आणि तिने विचारले, ‘कामाला जाताना लेकरू कुठं ठेवत व्हता?’ त्यावर आजी तासभर बोलल्या. बाभळीला बांधलेली झोळी, तिच्यापाशी बसवलेली सहा वर्षांची थोरली पोर, पदरात घेतलेली सुकडी, लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी जी थापताना तुटायची, चौकडी, म्हणजे खोदलेला चौकोनी खड्डा, मापताना मुकादमाने टेप सैल सोडली की कोण भांडायचे, आणि हजेरीला पहिल्यांदा अंगठा उठवला तेव्हा कसे वाटले. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, हा आकडा पुस्तकात मिळतो. झोळी कोणत्या बाभळीला होती ते फक्त आजींना ठाऊक होते.

यावरून आम्ही जे शिकलो ते असे. प्रश्न घटनेबद्दल विचारू नये, दिवसाबद्दल विचारावा : सकाळी किती वाजता निघायचात, वाट कोणती, सोबत कोण, भाकरीबरोबर काय. स्त्रियांशी एकांतात, स्त्रीनेच बोलावे. टीव्ही बंद करायला सांगावे, मोबाइल विमान मोडवर टाकून ध्वनिमुद्रण करावे, आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व उपस्थितांची नावे मोठ्याने म्हणावीत. एक तासाच्या पुढे जाऊ नये; पुन्हा जावे. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीतली चूक सांगणारे स्वतःच दुरुस्त करतात. बोलून झाल्यावर हे मुद्रण कोठे वापरले तर चालेल, नाव द्यायचे की नाही, कोणता भाग गाळायचा, हे विचारून तेही मुद्रित करावे. कागदावर सही मागितली की जुनी माणसे दचकतात, आणि त्यांचे दचकणे अनुभवातून आलेले असते.

साल आठवत नाही ही तक्रार नेहमीची. त्यावर उपाय म्हणजे गावाच्या माहितीतल्या घटनांची पट्टी बनवणे : गांधीवधानंतरची अठ्ठेचाळीसची जाळपोळ, १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर, पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). ‘लग्न पानशेतच्या आधी का नंतर?’ या प्रश्नाला लगेच उत्तर मिळते. मराठवाड्यात या पट्टीवर सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आधी हवी.

जात्यावरच्या ओव्यांना इतिहासाचे साधन मानायला आपण फार उशीर केला. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ या अभ्यासकांनी मुळशी तालुक्यापासून सुरू केलेल्या कामात हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्यांत आंबेडकरांपासून सावकारापर्यंत सगळे आहे. ओवी मागताना ‘म्हणून दाखवा’ असे म्हणण्यापेक्षा घरात जाते असेल तर ते मांडून, मूठभर ज्वारी घालून बसावे. हात फिरू लागला की ओळी येतात.

काही गोष्टी सांगताना माणसे थांबतात : पाणवठ्यावरचा मज्जाव, जाळपोळ, वतनाच्या जमिनी कोणाच्या नावावर गेल्या. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानंतर महार वतनाच्या जमिनींचे काय झाले हा प्रश्न अनेक गावांत आजही कचेरीत आणि कोर्टात आहे. अशा वेळी खोदून विचारू नये, पण सांगितलेले गाळूही नये. आमच्याकडे एका मुलाखतीतला पाणवठ्याचा भाग ‘गावाची बदनामी’ म्हणून काढावा असा आग्रह झाला. ज्यांनी ते सोसले होते त्यांना विचारले. ते म्हणाले राहू द्या, आणि तो भाग राहिला.

दंतकथा, दावे आणि पुरावा

प्रत्येक गावात भुयार असते आणि ते जवळच्या गडावर निघते. प्रत्येक हेमाडपंती देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते आणि कोंबडा आरवल्यामुळे कळस राहिलेला असतो. या कथा हसून टाकू नयेत आणि इतिहास म्हणून छापूही नयेत. वहीत तीन वेगळे शिक्के करावेत : ‘पाहिले’, ‘कागदात आहे’ आणि ‘सांगतात’. एकाच गोष्टीवर यांपैकी दोन शिक्के बसले तर ती पक्की समजावी. आमचा तलाव चार जणांच्या सांगण्याप्रमाणे एकाहत्तरला सुरू झाला, पण ग्रामपंचायतीच्या जुन्या ठराव बुकात त्याची पहिली नोंद १९७२ च्या शेवटी सापडली. दोन्ही लिहिले. कदाचित आखणी आधी झाली असेल, कदाचित दुष्काळ माणसांना एक वर्ष आधी सुरू झाल्यासारखा आठवत असेल.

शिलालेख सापडल्यास त्याचे वाचन स्वतः करून समाजमाध्यमावर टाकण्याचा मोह आवरावा. सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४० च्या लेखात ‘वाछि तो विजेया होइवा’ असे कोरलेले आहे, म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. पण तसे वाचायला जुन्या लिपीचा सराव लागतो. चांगले फोटो पुरातत्त्व विभागाकडे किंवा विद्यापीठातल्या अभ्यासकाकडे पाठवावेत आणि शाईचा ठसा त्यांनाच घेऊ द्यावा.

कायद्याच्या दोन गोष्टी

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती, भांडे सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला काशाचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा सापडले ते झाडाचे मूळ खणताना, आणि ते सरकारजमा झाल्यामुळेच आज अभ्यासता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांचा संग्रह करण्याचा उद्योग गटाने अंगावर घेऊ नये. सुटी मूर्ती कोठे आहे त्याचे नेमके ठिकाण जाहीरही करू नये, कारण ती वाचणाऱ्यांत चोरही असतात. वहीत ते असू द्यावे, फलकावर नको.

गावापुढे मांडणे

काम पूर्ण होईपर्यंत थांबू नये; ते पूर्ण होत नाही. सहा महिन्यांनी जमलेले गावापुढे मांडावे, आणि त्यासाठी यात्रेचा दिवस उत्तम, कारण पुण्या-मुंबईला गेलेली माणसे तेव्हा गावी येतात. फोटो मोठे छापून शाळेच्या व्हरांड्यात सुतळीला टांगले, खाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या, एवढे पुरते. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात : एक गटाकडे, एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे आणि एक ऑनलाइन साठवणीत. मुलाखतींचे लिखाण छापून शाळेच्या वाचनालयात ठेवावे, कारण पेनड्राइव्ह हरवतो आणि जाड पुठ्ठ्याची फाइल सहसा हरवत नाही.

आम्ही तळ्यावर काम केलेल्यांची यादी टांगली होती, चौसष्ट नावांची. तिच्यात एक दोष आम्हांला दिसलाच नव्हता. पुरुषांची नावे पूर्ण होती, पण स्त्रिया ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा होत्या, कारण सांगणाऱ्यांनी तशाच सांगितल्या आणि आम्ही तशाच लिहिल्या. यादीखाली कोरी वही ठेवून तिला सुतळीने पेन्सिल बांधली होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा सतरा नावे वाढली होती, दोन खोडली होती आणि एका हाताने, शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलीच्या अक्षरात, सात ‘आयां’च्या पुढे त्यांची स्वतःची नावे व माहेरची गावे लिहिली होती. आजी शेजारी उभी राहून सांगत होती, असे व्हरांडा झाडणाऱ्या मावशींनी सांगितले.